बाईंनी लिहून ठेवलेली चूक

बाईंच्या स्मरणिकेच्या समितीनं माझ्याकडे दोन पानं मागितली होती. मी सहा पाठवली. परत आली तेव्हा त्यांतल्या दोन पानांवर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारलेली होती, अगदी हलक्या हातानं, खोडरबरानं सहज पुसता येईल अशी. त्या दोन पानांत बाईंच्या हातून झालेल्या एका चुकीची हकिगत होती. मी रेघ पुसली आणि सगळं पुन्हा लिहायला बसले.

बाई म्हणजे पेणमधल्या एक डॉक्टर. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. डॉक्टर झाल्यावर माझी पहिली साडेतीन वर्षं त्यांच्या दवाखान्यात गेली. नंतर मी रोह्याला माझा दवाखाना काढला, तरी महिन्यातला एक रविवार त्यांचा असे. त्या पॅसेंजरनं रोह्याला यायच्या, पिशवीत पोह्याचे पापड आणि वाचून झालेलं एखादं पुस्तक असायचं. कुंडलिकेच्या काठी बसून आम्ही महिनाभरातले अवघड पेशंट एकमेकींना सांगायचो. आधी त्या माझ्या गुरू होत्या, पुढे मैत्रीण झाल्या. हे नेमकं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "या केसमध्ये मला काही सुचत नाही गो, तू सांग." बहुधा तेव्हाच झालं असेल.

त्यांची काम करायची एक रीत होती आणि ती पेणमध्ये दुसऱ्या कुणाची नव्हती. त्या पेशंटचे कागद दवाखान्यात ठेवत नसत. प्रत्येकानं शाळेची चाळीस पानी वही आणायची, मागे पाढे छापलेली असते तीच. त्या वहीत बाई मराठीत, सुट्या अक्षरांत, पेशंटच्या घरी ज्याला वाचता येतं त्याला कळेल असं लिहीत. काय दिसलं, काय वाटलं, काय दिलं. वही पेशंटची. तो ती घरी नेई. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या घरांत या वह्या तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्याखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्या वह्यांत दोन शब्द फार वेळा येत: "खात्री नाही."

पेणमधले दुसरे डॉक्टर यावरून त्यांना चिडवत. "बाई, 'खात्री नाही' असं लिहून तुम्ही पेशंटच्याच हातात देता?"

"मग काय, खात्री आहे असं खोटं लिहून देऊ?"

पेणसारखंच गणपती घडवणाऱ्या हमरापूरचा एक कारागीर त्यांच्याकडे यायचा. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तोच हात थरथरायला लागला होता. बाईंनी त्याच्या वहीत लिहिलं, "उजवा हात थरथरतो. कारण मला अजून कळलेलं नाही." त्यानं ते तिथंच वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, ह्ये गिऱ्हाइकानं वाचलं तर?"

"गिऱ्हाइकाला वही कशाला दाखवतोस? मूर्ती दाखव."

तो हसला. मग बाईंनी त्याला मुंबईच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. तीही मराठीत.

आता ती चूक.

एप्रिल महिना होता, मिठाचा हंगाम. धरमतरच्या खाडीकडच्या गावांतली माणसं पहाटेपासून मिठागरावर उतरत आणि ऊन चढलं की त्यांतली दोनचार आमच्या बाकावर येऊन बसत. पायांत गोळे, उलट्या, चक्कर. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत असे दोघे येऊन गेले होते. तिसरा आला तो चाळिशीचा, काटक, बायकोला बरोबर घेऊन. अंग घामानं निथळत होतं. पोटात वरच्या बाजूला जळजळ, मळमळ. रक्तदाब कमी. बाई खारेपाटातल्या माणसांना तीस वर्षं तपासत होत्या. मिठागरावरून आलेला माणूस दारातून आत कसा येतो यावरूनच त्याला काय झालंय हे त्या ओळखत, आणि ते बरोबर असे. त्या दिवशीही त्यांनी दारातच ओळखलं. त्याचं पोट दाबून पाहिलं, जळजळीचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, घरी जाऊन सावलीत पडायला सांगितलं. ईसीजीचं मशीन त्याच खोलीत, खिडकीखाली होतं. त्यावर कापड घातलेलं होतं.

वजन आणि नाडी बघून वहीत लिहायचं काम माझं. मी त्याची नाडी मोजली. अठ्ठेचाळीस. उन्हानं आजारी पडलेल्या माणसाची नाडी धावते, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. या माणसाची रेंगाळत होती. मी आकडा वहीत लिहिला. काही बोलले नाही. बाई पुढच्या ओळीपासून लिहीत गेल्या.

तो घरी गेला. दुपारी छातीत कळ आली म्हणून रिक्षा बोलावली, ती वडखळला पोचायच्या आत तो गेला.

पोटाच्या दुखण्याच्या रूपानं येणारा हृदयविकाराचा झटका प्रत्येक डॉक्टरला शिकवलेला असतो. बाईंना तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्या चुकल्या ते कमी ठाऊक असल्यामुळे नव्हे. त्या माणसांना फार ओळखत होत्या म्हणून चुकल्या. त्या सकाळचा तिसरा घामाघूम माणूस त्यांनी पाहिलाच नाही, पहिल्या दोघांना पुन्हा एकदा पाहिलं. हे मी म्हणत नाही, त्या स्वतः म्हणत.

तिसऱ्या दिवशी त्या त्याच्या घरी गेल्या. मला बरोबर नेलं. अंगणात पुरुष बसले होते, कुणी "या" म्हटलं नाही. बाईंनी त्याच्या बायकोकडे वही मागितली. तिनं आणून दिली. बाई पायरीवर बसल्या आणि मांडीवर वही ठेवून लिहिलं. मग उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"सोमवारी सकाळी मी यांना उन्हाचा त्रास समजून घरी पाठवलं. तो हृदयविकार होता. छातीचा ईसीजी काढायला हवा होता. मशीन खोलीत होतं. मी काढला नाही. चूक माझी आहे."

खाली सही, तारीख.

त्याचा मोठा भाऊ म्हणाला, "बाई, आता लिवून काय? मानूस गेला."

"व्हय, गेला," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुणी विचारलं काय झालं, तर उगाच देवाला नि नशिबाला बोल लावत बसू नका. ही वही दाखवा."

त्याच्या बायकोनं वही घेतली, पदराला पुसली आणि आत गेली. कुणी आम्हाला शिवी दिली नाही. कुणी पाणीही दिलं नाही.

परतीच्या एसटीत मी बाईंना म्हटलं, "नाडी मी पाहिली होती."

"ठाऊक आहे. अठ्ठेचाळीस. तुझं अक्षर आहे वहीत."

"मग माझंही लिहायचं होतं ना तुम्ही."

"तुझी चूक मी कशाला लिहू? तुला अक्षर येतं."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यानंतर आयुष्यभरात त्यांनी माझ्या चुकीचा विषय माझ्याकडे एकदाही काढला नाही, आणि मी एकदाही लिहिलं नाही.

दवाखान्यात मात्र दुसऱ्या दिवशीपासून दोन गोष्टी बदलल्या. मशीनवरचं कापड बाईंनी हात पुसायला घेतलं. आणि नाडी मोजणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा, खोलीत कोण बसलंय याचा विचार न करता. "लाजायचं असेल तर घरी लाज," त्या मला म्हणाल्या. रोह्याला माझ्याकडे आजही ही रीत आहे. माझी नर्स लिलावातल्यासारखा आकडा पुकारते. कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले लोक हसतात, "मॅडम, बहात्तर एक वार, बहात्तर दोन वार." हसू देत.

बाईंचे पेशंट महिना-दोन महिने कमी झाले. खाडीकडचे काही लोक पुन्हा कधीच आले नाहीत आणि तो त्यांचा हक्क होता. बाकीचे आले. एक म्हातारी आली ती बाकावर बसता बसता म्हणाली, "चुकलीस तर सांगतेस तरी. बाकीचे सांगतात का?" बाईंना ते आवडलं नाही. "हे कौतुक नाही हं आजी," त्या म्हणाल्या, "जीभ दाखव."

ही हकिगत स्मरणिकेत नको, असं समितीचं मत पडलं. समितीचे अध्यक्ष पेणमधले ज्येष्ठ सर्जन आहेत, बाईंच्या कॉलेजातले. माणूस चांगला आहे. बाईंच्या शेवटच्या आजारात रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन बसत. मी पानं परत घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि मुखपृष्ठ दाखवलं. बाईंचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सेवामूर्ती'.

"पेणमध्ये बसून तुम्ही त्यांना मूर्ती म्हणता?" मी म्हटलं. "इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की मूर्ती आतून पोकळ असते."

"तुमची जीभ बाईंवर गेलीय," ते म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "अहो, बाई गेल्या. आता त्यांची चूक उकरून काय मिळणार?"

"उकरायला त्यांनी ती पुरली कुठं होती? वरच ठेवली होती."

"लोक एवढंच लक्षात ठेवतील. पन्नास वर्षांची सेवा विसरतील आणि एक माणूस गेला तेवढं लक्षात ठेवतील."

"ठेवू देत. एक माणूस गेलाच होता."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मला वाटलं मी जिंकले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या घरच्यांना विचारलंत? त्यांच्या माणसाचं मरण तुम्ही छापणार आहात."

मी विचारलं नव्हतं. सहा पानं लिहिली, दोन पानांसाठी भांडायला आले, आणि ज्या घरात ती वही आहे त्या घराचा विचार माझ्या मनात आला नव्हता. बाईंची चूक मी बाईंची आणि माझी धरून चालले होते. मी चहा अर्धा टाकून उठले.

पुढच्या रविवारी गेले. गाव तेच, वाट आता डांबरी. मिठागर राहिलेलं नाही. बांध फुटला तो पुन्हा कुणी घातला नाही, खारं पाणी आत येऊन तिवरांची झाडं वाढली आहेत. त्या घरचा मुलगा धरमतरच्या जेटीवर कामाला जातो. घरात गेलेल्या माणसाची बायको आणि तिची सून होती. आता साठीची असेल. मला बघून तिनं नाव-गाव विचारलं नाही.

"बस," ती म्हणाली. "बाई गेल्या त्ये कळलं. लई हाल झाले का गो त्यांचे?"

"शेवटी शेवटी झाले."

"हं."

सुनेनं पाणी आणलं. मी प्यायले. मग मी का आले ते सांगितलं. पुस्तक निघतंय, त्यात मला हे लिहायचंय, पेणची माणसं नको म्हणतात, तुमची परवानगी असेल तर लिहीन, नसेल तर सगळा लेखच फाडीन. ती उठून आत गेली आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. वही प्लास्टिकच्या पिशवीत होती, पिशवी एका जुन्या ओढणीत. तिनं ती सुनेकडे दिली. "वाच."

सून वाचायला लागली. आधीच्या भेटी, खोकला, पायाची जखम. मग ते पान. वजन. नाडी अठ्ठेचाळीस. ती थांबली. "आई, ह्ये अक्षर बाईंचं नाय."

"हिचं हाय," ती म्हणाली. "ही तवा पोरगीच व्हती. हात धरून बसली व्हती त्येचा, घड्याळात बगत. मंग बाईंकडं बगलंन. मंग खाली बगलंन."

एवढी वर्षं मला वाटत होतं की त्या खोलीत हे कुणी पाहिलं नाही.

मी पेन काढलं. "मला यात लिहायचंय," मी म्हटलं. "तेव्हाच लिहायला हवं होतं."

"इतकी वरसां लागली व्हय तुला?"

"हो."

"मी तुजी वाट बगत व्हते असं नको समजू," ती म्हणाली. "मना कामं व्हती. दोन पोरं व्हती, मिठागर व्हतं." मग सुनेला म्हणाली, "दे तिला."

बाईंच्या सहीखाली जागा होती. मी लिहिलं:

"नाडी मी मोजली होती. उन्हानं आजारी माणसाची नाडी इतकी मंद नसते हे मला माहीत होतं. मी बाईंना सांगितलं नाही. त्या रागावतील अशी भीती नव्हती, त्या रागावत नसत. माझं चुकलं तर हसू होईल, असं वाटलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ईसीजी काढला असता. ही चूक माझी आहे."

सही केली, तारीख घातली. मग उभी राहिले आणि वाचलं. माझा आवाज बाईंसारखा लागला नाही, मधे दोनदा थांबावं लागलं. अंगणात कुणी नव्हतं, ऐकायला त्या दोघीच.

तिनं माझ्याकडून वही घेऊन सुनेला दिली. मग म्हणाली, "हसू झालं असतं तर झालं असतं."

मी मान खाली घालणार होते, पण ती माझ्याकडेच बघत होती, म्हणून घातली नाही.

सुनेनं वही पिशवीत घातली. मी विचारलं, "मग छापू?"

"छाप. नाव नको टाकूस. त्येचं नको, माजं नको, बाईंचं बी नको नि तुजं बी नको. नावं टाकली का लोकं नावंच वाचतात, नि मंग सांगत फिरतात, ही त्या अमक्याची." ती थांबली. "नि आनखी येक. तू त्येला लिवशील तो मरायला आलेला. बाईंच्या पुस्तकात तो निस्ता मरायला येतो. तो मीठ कसा काढायचा त्ये लिव."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग बस, सांगते."

ती सांगत होती, मी लिहून घेत होते. ऊन अंगणाच्या पलीकडे गेलं तरी ती सांगत होती. रोह्याला परत आल्यावर मी अध्यक्षांना फोन केला. परवानगी मिळाली आहे, लेख आता सातव्या पानापर्यंत गेला आहे, शेवटचा परिच्छेद कापायचा असेल तर सगळाच कापा, असं सांगितलं. मुखपृष्ठावरचा शब्द बदला असंही सांगितलं. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. समितीनं काय ठरवायचं ते ठरवावं. त्यांनी छापला नाही तर मी रोह्यात छापून घेईन आणि बाईंच्या स्मृतिदिनाच्या सभेच्या दारात उभी राहून वाटेन. मी भित्री बाई आहे, सभेत मला बोलता येत नाही, पण दारात उभं राहता येतं.

तो मीठ असा काढायचा. हंगामाच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून अशी कडक करायचा की त्यात पाऊल उमटू नये. बाकीचे दोन दिवस तुडवत, हा चार. भरतीचं पाणी आत घेतल्यावर रोज पहाटे बांधावर उकिडवा बसून वाफ्याकडे बघत राहायचा, तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्याला चालत नसे. वर साय धरली, दाणा बसला, की लांब दांड्याच्या लाकडी फळीनं तो मीठ ओढायचा, आणि खालचा चिखल हलायचा नाही. फळीचा भार हातावर तोलून धरायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. खाडीकाठच्या दुसऱ्या कुणाला हे जमत नव्हतं. बांधावर ढीग रचले की लांबून कुणालाही कळायचं यांतले त्याचे कुठले. बाकीच्यांचं मीठ करडं दिसायचं. त्याचं पांढरं.